अकरा नंबरचं सॉल्ट

"मॅडम, माझं सॉल्ट वितळून राह्यलं," संघमित्रा तायडे माझ्या कानाशी येऊन कुजबुजली.

"वितळू दे. ऑब्झर्वेशन लिही आणि पुढची टेस्ट कर."

"लिहिलं. आता ते काळं पडून राह्यलं. अन् मॅडम, त्याचा वास येते."

"कसला? सडक्या अंड्यासारखा?"

तिनं मान खाली घातली. परीक्षेत खोटं बोलल्यासारखा चेहरा झाला होता तिचा. "चिक्कीसारखा."

मी तिच्या टेबलापाशी गेले. चिमट्यातली परीक्षानळी अजून धुमसत होती. तळाशी तपकिरी पाक, त्यावर फुगलेला काळा कोळसा. आणि वास खरोखर चिक्कीचा. संक्रांतीला घराघरातून येतो तसा गोड, किंचित करपलेला.

बारावीची केमिस्ट्रीची प्रॅक्टिकल परीक्षा चालू होती. प्रत्येकाला एका पांढऱ्या सॉल्टची चिमूट द्यायची. त्यानं ती तापवायची, पाण्यात विरघळवायची, त्यात ॲसिडचे थेंब टाकायचे आणि शोधून काढायचं की हे आहे तरी काय. टेस्ट, ऑब्झर्वेशन, इन्फरन्स असे तीन रकाने. सोळा वर्षं मी त्या प्रयोगशाळेत सहायक होते. आमची पोरं काय काय शोधून काढतील याची मला सवय होती. एकानं मिठाच्या जागी सोनं असल्याचं लिहिलं होतं. पण चिक्की कधी निघाली नव्हती, कारण त्या बारा बाटल्यांतल्या एकाही सॉल्टला तापवल्यावर तसा वास येतच नाही. तसा वास फक्त साखरेला येतो.

"नंबर कितीचं तुझं?"

"अकरा."

"बस. घाबरू नको. दुसरं देते."

ती माझ्याकडे बघतच राहिली. नंतर ती सांगायची, मॅडम घाबरू नको म्हणाल्या तेव्हाच मी घाबरले, कारण त्यांच्या ओठांना रंगच नव्हता.

अकरा नंबरच्या बाटलीत बेरियम क्लोराइड असायला हवं होतं. तिथं साखर निघाली. मग साखरेच्या बाटलीत काय आहे?

आणि दहा मिनिटांपूर्वीच चहा झाला होता.

आमच्याकडे चहा तयारीच्या खोलीत व्हायचा. प्रयोगशाळेला लागून एक अरुंद खोली होती, तिथं श्रावणमामा बर्नरवर बीकर चढवायचे. श्रावणमामा आमचे परिचर. पत्ती एका रिएजंटच्या बाटलीत, साखर दुसरीत, कारण त्या झाकणांतून मुंगीसुद्धा आत जात नाही. सगळ्या बाटल्या एका मापाच्या, पांढऱ्या काचेच्या, काळ्या झाकणाच्या. चहाच्या दोन्हींवर लेबल नव्हतंच. हे आमच्याच शाळेत चालायचं असं नव्हे. मी ज्या ज्या प्रयोगशाळा पाहिल्या तिथं चहा असाच व्हायचा. कोणी लिहून ठेवत नाही, एवढंच.

परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी मी बारा सॉल्टच्या बाटल्यांची लेबलं ओल्या फडक्यानं काढून त्यांवर नंबर चिकटवत होते. दहा झाल्या. अकराव्या आणि बाराव्या बाटलीचं लेबल काढलं, तेवढ्यात प्राचार्यांनी बोलावलं म्हणून गेले. परत आले तर मामांनी टेबल आवरलेलं. तिथलंच चहाचं सामान फळीवर गेलेलं. टेबलावर बाटल्या मोजल्या. बारा. आकडा जुळला.

आकडा जुळला की माझं डोकं शांत होतं. तो माझा स्वभाव. स्टॉक रजिस्टरमध्ये एक परीक्षानळी कमी निघाली तर मी रात्रभर जागी असते, आणि बाराच्या बारा असल्या की आत काय आहे ते झाकण उघडून पाहत नाही.

मी तयारीच्या खोलीत गेले आणि दार लोटून घेतलं. मामा कप विसळत होते.

"मामा, चहात साखर कोणत्या बाटलीतली घातली?"

"साखरेच्या. अजून कोणत्या?"

"दाखवा."

त्यांनी फळीवरून बाटली काढून दिली. "काल नवी भरली का व तुमी? दाणा जाडा दिसला मले. विरघळे बी ना लवकर. म्या म्हटलं राशनची असंल."

मी झाकण उघडलं. शुभ्र, चमकदार खडे. साखरेपेक्षा किंचित जड. हे रोज बघणाऱ्याला कळतं, आणि मी रोज बघत होते.

"मामा, खरं सांगा. कोणाच्या कपात किती?"

"म्हैसने सरायचा बिनसाखरेचा. त्यायले शुगर हाय. धोत्रे सरायले तीन, पाव्हणे हायत म्हणून. तुमाले एक. म्या अजून घेतलाच नाही."

"तीन चमचे?"

"चमचा कुठी हाय, मॅडम? तो हरवून चार वर्सं झाली. हे अश्शी." त्यांनी स्पॅच्युला दाखवला. सॉल्ट काढायची ती चपटी पट्टी, तिच्या टोकावर मावून किती मावणार. मामा साखरेच्या बाबतीत आयुष्यभर चिकट होते. त्या दिवशी मी देवाच्या आधी त्या चिकटपणाचे आभार मानले.

तरीही तीन स्पॅच्युला म्हणजे अंदाजे दीड ग्रॅम. पुस्तकात बेरियम क्लोराइडपुढे 'विष' असं लिहिलेलं होतं आणि खाली आकडा होता: एक ग्रॅमच्या आतबाहेर माणूस दगावतो. तो आकडा रजिस्टरमध्ये लाल शाईनं मीच उतरवलेला.

आता तुम्ही विचाराल, चहा गोड लागला नाही, कोणालाच कसं कळलं नाही? आमचं गाव पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातलं. गोड्या पाण्याचा टँकर तीन दिवस आला नव्हता, चहा बोअरच्या पाण्याचा होता. तसला चहा खारट लागतो, दूध जरा फाटतं. गावातला माणूस तोंड वाकडं न करता पितो. बाहेरून आलेले परीक्षक धोत्रे सर कडक मानले जायचे. पोरं त्यांचं नाव काढलं की पाणी मागायची. पण कपाच्या बाबतीत माणूस सभ्य निघाला.

"साखर जपून वापरता वाटतं तुमच्याकडे," एवढंच ते म्हणाले होते.

"बोरचं पाणी गोडी मारते, सर," मामांनी सांगितलं होतं. मग त्यांनी पूर्ण कप संपवला. माझा अर्धा झाला तेव्हा संघमित्रा आली.

माझा अर्धा. म्हणजे माझ्याही पोटात ते होतं.

"मामा, दारापाशी थांबा. कोणाला आत येऊ देऊ नका."

"काऊन? काय झालं?"

"ती साखर नव्हती."

मामा फळीला टेकले. "मंग काय व्हती?"

बाटलीतले चार खडे नळीत पाण्यात टाकले, डिस्टिल्ड पाण्यात, वर डायल्यूट सल्फ्युरिकचे दोन थेंब. थेंब पडताक्षणी पांढरं झालं. दही लागतं तसं दाट, जड, तळाशी बसत जाणारं. नायट्रिक घातलं. हललं नाही.

बेरियमच होतं. पण त्याच नळीत औषधही होतं, हे मला दिसत होतं. जे पाण्यात विरघळतं ते आतड्यातून रक्तात शिरतं. जे विरघळत नाही ते नुसतं पोटातून जातं आणि बाहेर पडतं. एक्स-रेच्या आधी दवाखान्यात पेशंटला पांढरं घट्ट पाजतात ना, ते हेच, बेरियम सल्फेट. बेरियमच असतं, पण मारत नाही, कारण विरघळत नाही. म्हणजे पोटातल्या बेरियमला लवकरात लवकर सल्फेट भेटवायचं. जी टेस्ट नळीत केली तीच माणसाच्या पोटात करायची. मॅग्नेशियम सल्फेट फळीवर होतं. जुने लोक त्याला जुलाबाचं मीठ म्हणतात. मी ते बीकरमध्ये विरघळवलं.

पुढचं गावात पाठ आहे. पोहरे मॅडमनी, म्हणजे मी, आधी स्वतः पिऊन पाहिलं, मग धोत्रे सरांना दिलं. कोणी म्हणतं मॅडम पळत गेल्या, कोणी म्हणतं हातातला बीकर हिंदकळत होता. शिक्षकदिनाला दोनदा तरी हे भाषणात आलं आहे.

धोत्रे सर आता तयारीच्या खोलीत स्टुलावर बसले होते आणि बोटांनी ओठ चोळत होते.

"मुंग्या येताहेत," ते म्हणाले. "जिभेलाही. पित्त झालं की काय?"

"सर, चहात बेरियम क्लोराइड गेलं."

त्यांच्या मागे म्हैसने सर उभे होते, आमचे विभागप्रमुख. "काय बोलता मॅडम!" ते ओरडले. "परीक्षेच्या दिवशी!" जणू इतर दिवशी चाललं असतं.

धोत्रे सर ओरडले नाहीत. त्यांचा हात ओठांवरून खाली आला आणि गुडघ्यावर पडून राहिला.

"किती?"

"दीड ग्रॅम. अंदाजे."

"कन्फर्मेटरी टेस्ट केली?"

"केली, सर. डायल्यूट सल्फ्युरिक. पांढरा प्रेसिपिटेट."

"नायट्रिकमध्ये?"

"विरघळत नाही."

"मग आणा," ते म्हणाले. तोंडी परीक्षा संपली. त्यांनी बीकर दोन्ही हातांनी धरला, तरी दातांवर तो वाजत होता. निम्मं त्यांच्या शर्टवर गेलं. मी दुसरा बीकर करून दिला. प्यायल्यावर त्यांची नजर टेबलावर गेली. तिथं आणखी एक बीकर होता, रिकामा.

"आणि हा?"

"माझा, सर. आधी मीच घेऊन पाहिलं. म्हटलं घाईत चुकीचं काही तुमच्या पोटात जायला नको."

"शाबास!" म्हैसने सर म्हणाले. हा माणूस एकवीस वर्षांत एकही नळी न फोडलेला, कारण त्यानं एकही हातात धरली नव्हती. "शाबास, मॅडम! याला म्हणतात जबाबदारी!"

धोत्रे सर माझ्याकडे पाहत नव्हते. ते त्या बीकरकडे पाहत होते.

मग त्यांना उलटी झाली. जीप येईपर्यंत तीनदा. पायऱ्या उतरताना त्यांचे गुडघे एकदम वाकले, कापडाचे असावेत तसे, आणि मामांनी त्यांना काखेत धरून उचललं. मामा रडत होते. "सर, माफ करा जी, म्या साखर समजून..." धोत्रे सरांना बोलायचं होतं, पण जबडा नीट उघडत नव्हता. त्यांनी मामांच्या खांद्यावर कपाळ टेकवलं, एवढंच.

जीप गेली. मी परत प्रयोगशाळेत गेले, कारण तिथं एकोणीस पोरं बर्नर पेटवून बसली होती. संघमित्राला दुसरं सॉल्ट आणि अर्धा तास जादा दिला. म्हैसने सरांना नाइलाजानं नळ्या हातात घ्याव्या लागल्या. दर पाच मिनिटांनी मी मोरीत जात होते, आणि तिथं बसून मनगटावर बोट ठेवून ठोके मोजत होते. शहाऐंशी. नव्वद. मधेच एक ठोका चुकल्यासारखा वाटायचा आणि मी पुन्हा पहिल्यापासून मोजायचे. ओठांवरून जीभ फिरवायचे. मुंग्या आहेत का? आहेत की वाटतात? संध्याकाळपर्यंत काहीच झालं नाही. मला काहीच झालं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी अकोल्याला दवाखान्यात गेले. धोत्रे सरांच्या नाकात नळी होती, हाताला सलाईन. दारातच डॉक्टरांनी सांगितलं, जिवाचा धोका गेला. पोटॅशियम पार खाली गेलं होतं, ते भरतोय. हातापायांत जोर यायला आठवडा लागेल. "नशीबवान आहेत," डॉक्टर म्हणाले. "सल्फेट वेळेत मिळालं. जरा आधी मिळतं तर एवढंही झालं नसतं."

मी खुर्ची ओढून बसले. त्यांचे दोन्ही हात चादरीवर उलटे पडलेले होते, कोणीतरी ठेवून विसरून गेल्यासारखे.

"सर, कसं वाटतं?"

"बसा. तुमचीच वाट पाहत होतो." आवाज पातळ होता, पण शब्द नीट येत होते. "तुम्हाला काही त्रास?"

"नाही, सर. माझा अर्धाच कप होता."

"अर्धा कप, एक स्पॅच्युला. बरोबर." ते क्षणभर थांबले. "मॅडम, तुमचा तो बीकर. मी पाहिला तेव्हा त्याच्या काठाला पांढरी रेघ धरलेली होती. वाळलेली. हे ऑब्झर्वेशन. इन्फरन्स सांगा."

माझे हात मांडीवर होते. ते मी पर्सखाली घेतले.

"सांगा. घाई नाही. मला कुठं जायचंय?"

"पाणी उडून गेलं, सर. मॅग्नेशियम सल्फेट काठावर राहिलं."

"त्याला किती वेळ लागतो? फेब्रुवारीचं ऊन, खिडकी उघडी, वारा थोडा."

"आठ-नऊ मिनिटं."

"मी नऊ धरली होती." परीक्षकाला बरोबर उत्तर मिळाल्यावर वाटतं तसं समाधान त्यांच्या चेहऱ्यावर क्षणभर आलं, आणि त्याचीच मला सगळ्यात जास्त भीती वाटली. "म्हणजे चाखून पाहून लगेच मला आणून दिलं, असं नाही. तुम्ही घेतलंत, आणि नऊ मिनिटं गेली. मी आत येऊन प्यायलो, त्यात किती?"

"दोन."

"मग उरलेली सात?"

शेजारच्या पेशंटची बायको संत्रं सोलत होती. तिनं एक फोड माझ्यापुढे केली. मी नाही म्हटलं.

"मी बसची वेळ मोजत होते," मी म्हणाले.

"कुठल्या बसची?"

"तुमच्या. सव्वादोनची."

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं आता पुरे, पण माझं तोंड सुरू झालं होतं. मी सांगितलं. तुम्ही त्या बसनं गेला असता तर जे काही व्हायचं ते तुमच्या गावात झालं असतं. दुपारी उन्हात आलात, पित्त झालं, हृदय बंद पडलं. कोणी चहाचं विचारलं नसतं. बाटली मी धुतली असती. मामांची नोकरी राहिली असती, माझीही राहिली असती. बीकर रिकामा करून मी खिडकीशी उभी होते आणि मधल्या दाराच्या काचेतून तुमची पाठ दिसत होती. तुम्ही पेपरवर सह्या करत होता. मी ठरवत होते.

"काय ठरवलं?"

"काही नाही. तुम्ही स्वतःच दार उघडून आत आलात. ओठांना मुंग्या येताहेत म्हणालात."

"आलो नसतो तर?"

"माहीत नाही, सर."

सलाईनचा थेंब पडत होता आणि मी तोही मोजत होते. सदतीस मोजले.

"मला बोर्डाला रिपोर्ट द्यायचाय," शेवटी ते म्हणाले. "आजच जायला हवा. माझ्या हातात पेन राहत नाही. तुम्ही लिहा."

"मी?"

"दुसरं कोण आहे इथं? कागद ड्रॉवरमध्ये आहे."

मी मांडीवर वही घेऊन त्यावर कागद ठेवला. ते हळूहळू सांगत गेले. परीक्षा केंद्र, तारीख, बॅच. बाटलीची अदलाबदल. परिचराचा दोष नाही, लेबलं काढून बाटल्या उघड्यावर ठेवणं ही पद्धतच चुकीची. हे त्यांनी दोनदा सांगितलं आणि माझ्याकडून खाली रेघ ओढून घेतली. अकरा नंबरचं सॉल्ट मिळालेल्या विद्यार्थिनीनं योग्य निरीक्षण नोंदवल्यामुळे चूक लक्षात आली, तिला पूर्ण गुण द्यावेत.

"आता लिहा. सहायक श्रीमती पोहरे यांनी उताऱ्याचं द्रावण प्रथम स्वतः घेतलं."

मी लिहिलं.

"आणि त्यानंतर... तिथं वेळ टाका. इतक्या मिनिटांनी परीक्षकांस दिलं."

"किती, सर?"

"मी घड्याळ पाहिलं नव्हतं. मी फक्त बीकर पाहिला. तुम्ही टाका."

पेन कागदावर टेकलेलं होतं. शाईचा एक ठिपका तिथं मोठा होत गेला. मला शाळेतली फळी दिसत होती, दाराशी रडणारे मामा, नोकरी कायम होण्याच्या अप्रूव्हलसाठी अडकलेली माझी फाईल, म्हैसने सरांचं शाबास. त्यांचे हात मात्र मी पाहत नव्हते. पाहिले असते तर कदाचित दुसरं काही लिहिलं असतं.

मी लिहिलं: लगेच.

"वाचा," ते म्हणाले.

मी वाचलं. "प्रथम स्वतः घेतलं आणि त्यानंतर लगेच परीक्षकांस दिलं."

"पुन्हा वाचा."

मी पुन्हा वाचलं. 'लगेच' म्हणताना आवाज हलला नाही, याचं मला आजही आश्चर्य वाटतं.

"बरं," धोत्रे सर म्हणाले. "सही."

मी पेन त्यांच्या बोटांत दिलं. ते चादरीवर पडलं. पुन्हा दिलं, पुन्हा पडलं. मग त्यांनी मानेनं खुणावलं. मी नर्सकडून स्टॅम्प पॅड मागून आणलं. एम.एस्सी.ला विद्यापीठात दुसरा आलेला माणूस. मी त्यांचं मनगट उचललं. ते फार जड होतं. अंगठा शाईत बुडवला, कागदावर टेकवला, आणि त्यांना दाबता येईना म्हणून वरून मीच दाबला.